त्र्याऐंशी लाखांतला एक

ठिपका... मोहरीचा दाणा दहा जणांत वाटला तर एकाच्या वाट्याला येईल तेवढा, हिरवा, पांढऱ्याशुभ्र उजेडात उजवीकडे वर — कालही तिथेच होता, परवाही, आणि सहादेव पेंटर तीन दिवस त्याच्याकडे न बघितल्यासारखं बघत होता.

तिसगावच्या स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं दुकान त्याचं. आता सुनेचं म्हणायचं, निकिताचं, कारण त्याचे ब्रश वाळून दहा वर्षं झाली आणि बॅनर तीच करते. नवा मॉनिटर तिनंच मागवलेला. खोक्यावरचे गुण तिनं सासऱ्याला एका दमात वाचून दाखवले होते — सत्तावीस इंच, फोर-के, आडवे तीन हजार आठशे चाळीस ठिपके, उभे दोन हजार एकशे साठ, शंभर कोटी रंग, समोरून बघा की दाराआडून बघा रंग तोच, काचेत खिडकीचा उजेड चमकत नाही, मान वरखाली होते, आणि वाटलं तर आडवा मॉनिटर अख्खा उभा फिरतो. सहादेवानं गुणाकार तोंडी केला. जवळजवळ त्र्याऐंशी लाख ठिपके! जिल्ह्यातल्या माणसागणिक एकेक वाटला तरी पोत्यानं उरतील. आणि शंभर कोटी रंग — त्यानं तर अख्खा जन्म अकरा डब्यांवर काढला होता, त्यातला एक कायम वाळलेला.

मग त्र्याऐंशी लाखांतला एक फितूर झाला तर बिघडलं काय? बिघडलं इतकंच, की तो मॉनिटरचा आहे की आपल्या डोळ्याचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवाळीआधी नगरच्या डॉक्टरनं उजव्या डोळ्यात बॅटरी मारून सांगितलं होतं — मागच्या बाजूला जरा शंका आहे, एका जागी ठिपका दिसायला लागला तर लगेच या. घरी मात्र सहादेवानं निराळंच सांगितलं. डॉक्टरच्या तक्त्यातली शेवटची ओळ आपण बसल्या जागी दुरुस्त करून दिली, म्हणून त्यानं चहा पाजला... सगळे हसले. हसले की माणसं पुढचं विचारत नाहीत.

पांढऱ्या भिंतीकडे बघून खात्री करावी, तर दुकानात पांढरी भिंत होती कुठे? चाळीस वर्षं ब्रश तिच्यावरच पुसलेले. तिथे लाख ठिपक्यांत हा एक कसा ओळखू यावा. एक डोळा झाकून बघावं — हात वर जायचा आणि कपाळ खाजवून खाली यायचा. मी भित्रा नाही. पाण्याच्या टाकीवर दोरीला लटकून मी एका हातानं कमळ काढलंय, दुसऱ्या हातात विडी होती... पण तेव्हा खाली बघायचं नसतं एवढं कळत होतं. हेही तसंच. बघायचं नाही.

आणि नेमकं बघायलाच तर निकिता बोलावत होती. मिरजगावपासून सोनईपर्यंत फिरून तिनं त्याच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले होते. त्यांतल्या अक्षरांचा तिला कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायचा होता, म्हणजे कुणीही बटण दाबावं आणि सहादेव पेंटरचा ‘थ’ उमटावा. पण उन्हानं अक्षरांच्या कडा खाल्लेल्या. कुठलं वळण भरायचं, कुठे केसभर छाटायचं, ते त्याच्याशिवाय कोण सांगणार? त्यासाठीच हा बारीक दाखवणारा मॉनिटर. त्यासाठीच सासऱ्यानं, तिच्या आबांनी, शेजारी बसायचं.

आबा बसले नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी रस्त्यावरच्या ‘थांबा’ पाटीची गोष्ट सांगितली — ती पाटी वाळायला रस्त्याकडेला टेकवली, तर एसटी थांबली, अक्षरांत वजनच तेवढं; मागं ट्रक थांबला, मेंढरं थांबली, आणि पाटी पालथी घालेपर्यंत गावातला वारासुद्धा थांबला होता. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट. आज तोंड उघडलं, तोच निकिता हातातलं काम ठेवून वळली.

“आबा, अक्षरं द्यायची नसली तर नका देऊ. मी काय रागावनार न्हाई. पन रोज गोष्ट नका सांगू.”

असं ती कधी बोलत नसे. द्यायचीच आहेत, तुलाच द्यायची आहेत — हे सांगायचं सोडून तो वाळलेल्या ब्रशांवरची धूळ झटकू लागला. ती पुन्हा कामाकडे वळली. सोनईच्या एका खांबावरची उंच पाटी तिला नीट बघायची होती. तिनं मॉनिटरची कड धरली आणि तो आडव्याचा उभा फिरवला.

मॉनिटर कलला... आणि ठिपका त्याच्याबरोबर निघाला. वरून खाली, चाकाच्या आरीवर बसलेल्या माशीसारखा, सावकाश, खालच्या कोपऱ्यापर्यंत. सहादेवाची नजर होती तिथेच होती. ठिपका तिला सोडून गेला होता.

मग हात वर गेला आणि कपाळाशी थांबला नाही. डावा डोळा झाकला — ठिपका खाली. उजवा झाकला — तरी खालीच.

“निकिता, हितं एक ठिपका अडकलाय.”

ती वाकली, चष्मा सारखा केला. तिला काहीच दिसेना.

“तुला कसा दिसंल? वय झालं तुझं.”

त्यानं नखानं जागा दाखवली. तिनं मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघितलं, तर हिरवा ठिपका खरंच होता. मग हळूच विचारलं, कधीपासून दिसतोय. तीन दिवस, तो म्हणाला. बदलून मिळायची मुदत आजच संपत होती. इतके दिवस सांगितलं का नाही?

“मला वाटलं, माझ्या डोळ्यात हाय.”

यावर हसण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर काय म्हणाला होता, ते तिनं विचारलं, आणि सहादेवानं आयुष्यात पहिल्यांदा एखादी हकिकत होती तेवढीच सांगितली. फार लवकर संपली ती. निकिता म्हणाली, सोमवारी नगरला जायचं, मी येते. मग मोबाईल हातात घेऊन विचारू लागली, हा परत पाठवू का, दुसरा यायला आठ-दहा दिवस लागतील...

त्याला ते अर्धवटच ऐकू आलं. स्टूल ओढून तो बसला होता. समोर खांबावरच्या पाटीतला ‘ळ’ वीतभर उंच उभा होता, त्याच्याच हातचा, पस्तीस वर्षांपूर्वीचा — आणि त्याचं डावं पोट उजव्यापेक्षा केसभर जड होतं. तेव्हा कुणाला दिसलं नव्हतं. त्यालाही नाही. इतकी वर्षं चुकलेला ‘ळ’ रंगवत हिंडलो की काय मी, अख्ख्या मुलखात... तो पुढे सरकला, आणखी पुढे, आणि आपली चूक बघता बघता त्याच्या छातीत काहीतरी हलकं, भुकेसारखं जागं होत गेलं.