बायकांच्या बाजूचं रेकॉर्डिंग

शिवकन्या लेकीला घेऊन माहेरी निघून गेली, त्याच दिवशी संध्याकाळी परमेश्वरने 'सिंदफणा स्वरवैभव' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मालकंस टाकला. दुसरा कुणी असता तर त्याने सासुरवाडीला फोन केला असता, चार माणसं मध्ये घातली असती, गेला बाजार एक वेळ उपाशी तरी राहिला असता. परमेश्वर जेवला, ताट मोरीत ठेवलं आणि मालकंस टाकला. खाली लिहिलं, 'मन शांत करणारा स्वर. निवांत ऐका.'

रेकॉर्डिंग पाऊण तासाचं होतं. दोन मिनिटांत त्यावर सात नमस्कार, चार गुलाब आणि एक 'अप्रतिम' आलं. अप्रतिम म्हणणारे ग्रुपचे अ‍ॅडमिन भगवानराव होते. भगवानराव पूर्वी पंचायत समितीत होते. तेव्हापासून काहीही न वाचता सही करायची आणि काहीही न ऐकता अप्रतिम म्हणायची त्यांना सवय होती. परमेश्वरला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने यमन टाकला.

तेलगावात परमेश्वरचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान. पण तो स्वतःला दुकानदार समजत नसे, रसिक समजे. माजलगावला, परळीला, अंबाजोगाईला, जिथे कुणी तंबोरा लावेल तिथे परमेश्वर हजर. आणि गेला की रेकॉर्ड केल्याशिवाय परत येणार नाही. घरात लोखंडी कपाटाचा एक खण फक्त रेकॉर्डिंगचा, मेमरी कार्डांनी भरलेला. गंमत म्हणजे त्यातलं एकही त्याने घरी येऊन ऐकलेलं नव्हतं. मैफल आपल्याकडे आहे, एवढ्यावरच त्याचं पोट भरे. ऐकायला काय, म्हातारपण पडलंय, असं तो म्हणायचा.

रेकॉर्ड करायची त्याची एक पद्धत होती. आपल्याकडे गाणं असो की कीर्तन, पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. पुरुषांच्या पुढच्या रांगेत मान्यवर बसतात. मान्यवरांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, म्हणून स्पीकरचा मोठा बॉक्स कायम बायकांच्या बाजूला लावतात. परमेश्वरने हे बरोबर हेरलं. मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर तो शिवकन्येच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, "बॉक्सजवळ बस. हलू नको. बोलू नको." मग स्वतः भगवानरावांच्या शेजारी जाऊन मान डोलवत बसायचा. शिवकन्या बॉक्सजवळ बसायची. हलायची नाही. तिसऱ्या सूचनेकडे मात्र तिने पहिल्यापासूनच दुर्लक्ष केलं होतं, हे परमेश्वरला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

ती का गेली, हे तो कुणाला सांगत नव्हता. "भावजयीचं बाळंतपण हाय, मदतीला गेली," असं त्याने दुकानात सांगितलं, गल्लीत सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. खरं तर ती का गेली, हे त्यालाही नीट कळलं नव्हतं. नवरात्रात माजलगावला कार्यक्रम होता. तिथून आल्यावर ती काही बोलली नाही. सकाळी पिशवी भरली. "जाते," म्हणाली. परमेश्वर म्हणाला, "रेकॉर्डर कुठंय?" तिने तो टीव्हीवर ठेवलेला दाखवला आणि निघाली. आता चूक कुणाची म्हणावी? गेली तशी येईल, आपण कशाला जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. पण घर खायला उठायचं. मग तो कपाट उघडायचा आणि एक मैफल ग्रुपवर सोडून द्यायचा.

आठवडाभरात मात्र चमत्कार झाला. ग्रुप जागा झाला. नुसते गुलाब येत होते तिथे लोक वाक्यं लिहू लागले. 'परमेश्वरराव, आणखी येऊ द्या.' 'कालचं दोनदा ऐकलं.' 'घरातल्या सगळ्यांनी बसून ऐकलं.' एकाने तर लिहिलं, 'बॉक्सजवळचंच टाका, ते जास्त स्पष्ट आहे.' परमेश्वरचा ऊर भरून आला. कोण म्हणतं आपल्या भागात शास्त्रीय संगीताला कान नाही? त्याने बॉक्सच्या जागेवर एक लांबलचक टिपण लिहून टाकलं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. तो त्याने कौतुक म्हणून मोजून घेतला.

भगवानरावांचा स्वतःहून फोन आला. "परमेश्वर, त्या यमनमधी मधल्या वक्ताला जे येतंय ना, लई भारी! आमच्या घरी हसून हसून पोट दुखलं."

यमन ऐकून कुणाचं पोट दुखल्याचं परमेश्वरने कधी ऐकलं नव्हतं. पण माणूस मोठा. तो म्हणाला, "बुवांची तयारीच तशी हाय, साहेब. तीव्र मध्यमावर खेळवतेत."

"तीव्र तर हायच," भगवानराव म्हणाले आणि खोकल्याच्या निमित्ताने त्यांनी फोन ठेवला.

ग्रुपमध्ये बायकाही येऊ लागल्या. सुना आल्या, सासवा आल्या, अंगणवाडीच्या ताई आल्या. दुकानात गिऱ्हाइकं पाइप बघता बघता त्याच्याकडे बघून ओठ दाबायची. एक आजीबाई नातवासोबत विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व न्यायला आल्या आणि जाताना मायेने म्हणाल्या, "लेकरा, रातच्याला दात खातुस म्हणं. जंताचं औषध घे." परमेश्वरने विचार केला, वय झालंय म्हातारीचं, दुसऱ्या कुणाशी गल्लत करत असेल.

शेवटी त्याने कपाटातली सगळ्यात ताजी मैफल टाकली, नवरात्रातली माजलगावची भैरवी. खाली लिहिलं, 'शेवटपर्यंत ऐका.'

आणि लोकांनी ऐकली. त्या दिवशी ग्रुपवर एक गुलाब आला नाही, एक हसरा चेहरा आला नाही. संध्याकाळपर्यंत सगळं चिडीचूप. भगवानरावांचं अप्रतिमसुद्धा आलं नाही. परमेश्वरला वाटलं, भैरवीने लोकांना निःशब्द केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गहिनीनाथ दुकानात आला. हा तबलजी, परमेश्वरचा शाळेपासूनचा दोस्त. एरवी आला की ठेका धरत यायचा, आज स्टूल ओढून गुमान बसला.

"भैरवी ऐकलीस का?" परमेश्वरने हौसेने विचारलं.

"ऐकली. तू ऐकलीस का बे?"

"मी काय ऐकायची? मी तर समोर बसून ऐकलंय!"

"ते न्हाई इचारत. तू टाकायलाय ते तू सोता कधी ऐकलंस का?"

परमेश्वरने चहा सांगितला. गहिनीनाथने चहा न घेता उठत सांगितलं, "पऱ्या, साऱ्या तालुक्यानं ऐकलं. तेवढा तूच ऱ्हायलाय. शटर खाली घे अन् ऐक."

शटर अर्धं ओढून परमेश्वरने कानात इअरफोनची बोंडं घातली आणि यमन लावला. आलाप सुरू झाला. आणि आलापाच्या कितीतरी पुढे, अगदी कानाशी बसून बोलावं तसा, शिवकन्येचा आवाज आला. ती बायनाबाईशी बोलत होती. बायनाबाई म्हणजे शेजारच्या गल्लीतली, मैफलीला येणारी आणि दर वेळी भुईमुगाच्या शेंगा घेऊन येणारी.

"...दात इतके खातेत, मला वाटतंय जात्यावर कुणी बसलंय. अन् सकाळी इचारतेत, तुला झोप कावून लागत न्हाई?"

शेंग फुटल्याचा आवाज. दोघी हसल्या. बुवांनी तीव्र मध्यम लावला. परमेश्वरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने मालकंस लावला. त्यात तो पाहुण्यांसमोर दुसऱ्याच्या घरच्या पुऱ्यांचं कौतुक कसं करतो, याची हुबेहूब नक्कल होती. तिसऱ्यात तो फोनवर भगवानरावांशी बोलताना खुर्चीतून उभा राहतो, हे होतं. सगळं खरं होतं. तेच जास्त झोंबलं. पहिल्यांदा त्याला तिचाच राग आला, की अख्ख्या तालुक्यात आपली अब्रू घालवली. मग आठवलं, ग्रुपवर टाकलं कुणी? त्याने घाईघाईने ते पुसायला घेतलं. पण सगळ्यांच्या फोनमधून पुसण्याची मुदत कधीच सरली होती आणि आता ते त्याच्या एकट्याच्याच फोनमधून जात होतं. म्हणजे जो एकटा ऐकायचा राहिला होता, त्याच्यापासूनच ते लपलं असतं.

मग केदारात बायनाबाईने विचारलं, "तुला गाण्याची लई आवड दिसती गं. एक कारेक्रम चुकवत न्हाईस."

"कशाची आवड, आत्या! मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई. बुवा आ करायले की मला झोप येतीय."

"मंग येतीस कावून?"

तबल्यावर एक आवर्तन झालं. मग ती म्हणाली, "गाडीवर येताना बोलतेत माझ्याशी. घरी न्हाई बोलत. घरी दुकान, फोन, जेवण अन् झोप. गाडीवर मातर अख्ख्या वाटंनं बोलतेत."

"काय बोलतेत?"

"तेच, बुवाचं. कुणाचा शिष्य, काय गाणार. मला काय करायचंय त्याचं? पर माझ्याशी बोलतेत ना."

परमेश्वरने बोंडं काढली. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्याही वर, इतके दिवस जिला तो नाव देत नव्हता, ती शिवकन्येची आठवण आली. नुसती आली नाही, छातीत बसली.

भैरवी ऐकायची हिंमत होत नव्हती. तरी लावली. आता त्याला माजलगावचा तो दिवस लख्ख आठवला. त्या दिवशी भगवानरावांनी नव्या गाडीत एक जागा देऊ केली होती. मान्यवरांच्या गाडीत जागा! परमेश्वरने मोटारसायकल घरी ठेवली, शिवकन्येला बायकांच्या टेम्पोत सतरंज्यांच्या गठ्ठ्यांजवळ बसवलं आणि येतानाही तेच. टेम्पोपाशी जाऊन तो तिला एवढंच म्हणाला होता, "रेकॉर्डर सांभाळून आण."

भैरवीत ती एक शब्द बोलली नव्हती. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आभार झाले, आणि रेकॉर्डर चालूच राहिला. टेम्पोचा खडखडाट आला. मग त्याचा स्वतःचा आवाज, "रेकॉर्डर सांभाळून आण." मग पुन्हा खडखडाट, कितीतरी वेळ. मग बायनाबाई, "रडू नको गं, बाई." आणि मग शिवकन्या, "न्हाई आत्या, आता झालं. तेवढा एक रस्ता होता माझा, तो बी त्येंनी दिऊन टाकला."

खाली त्याचंच वाक्य होतं, शेवटपर्यंत ऐका.

सकाळी दुकान न उघडता तो शिरूर कासारच्या वाटेला लागला. सासुरवाडीचं गाव तिथून जवळच. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, दारांना कुलपं, पारावर कुत्रीसुद्धा मोजकी. सासूने, साखराबाईने, त्याला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. पाणी दिलं, खुशाली विचारली नाही. लेक वर्षाराणी धावत आली आणि एका दमात म्हणाली, "पप्पा, तुमचा ग्रुप मामाच्या मोबाईलवर हाय! आमी रोज ऐकतो!"

म्हणजे इथेही. परमेश्वर चपला बाजेखाली सारून बसला. शिवकन्या हरभऱ्याची डाळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

"मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू बोलायलीस ते. त्यात आलंय ते."

"तुमीच टाकलं. मी कुठं टाकलं?"

"सगळ्यांना पुसाया लावतो. भगवानरावांना सांगून ग्रुपच बंद करतो."

आता मात्र सूप थांबलं. "कावून? ऱ्हाऊ द्या की. तुमी न्हाई ऐकलं, लोकांनी तरी ऐकलं. कालच्याला गेवराईची कोण बाई, वळख ना पाळख, मला फोन करून रडली. म्हणली, माझं बी असंच हाय."

येताना गाडीवर परमेश्वरने बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातली निम्मी रुबाबदार होती. ती सगळी विसरली. तो कसंबसं म्हणाला, "आता बोल. मी ऐकतो."

"रेकॉर्डिंग चालू हाय का?"

आतून साखराबाई फिसकन हसली. परमेश्वरने खिशातून फोन काढला, बंद केला आणि लेकीच्या हातात दिला. शिवकन्येने सूप बाजूला ठेवलं.

मग ती बोलली. नक्कल नाही, हशा नाही, तबला नाही. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, पाणी भरताना पाय घसरून पडली ते, तो त्या दिवशी अंबाजोगाईला होता ते, कुणी विचारलं नाही ते. वर्षाराणी पोटात असताना तिला एकदा शहाळं हवं होतं, ते. बारीकसारीक, साधं, सगळ्यांच्या घरात होतं तसंच. परमेश्वरने दोनदा "पर मी..." असं तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आपणच मिटलं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. चहा झाला. डाळ तशीच पडून राहिली.

ती थांबली, तेव्हा त्याला वाटलं, आता झालं. तो उठला, चपला घातल्या, घसा खाकरून म्हणाला, "चल मग. भर पिशवी. अंधाराच्या आत पोचू."

शिवकन्येने त्याच्याकडे नीट बघितलं. रागाने नाही.

"हे पहिल्या वर्साचं झालं," ती म्हणाली. "लग्नाला अकरा झालीत."

परमेश्वर उंबऱ्यापर्यंत पोचला होता. तो परत आला, चपला काढून बाजेखाली सारल्या आणि बसला. साखराबाईने आतून विचारलं, "भाकरी टाकू का गं जावयाची?"

"टाक," शिवकन्या म्हणाली. "दोन जास्तीच्या टाक."