आर्सेनिओचे कपडे

सोइलानं बाहुल्याच्या पोटात भुसा कोंबला आणि वर गुडघा देऊन दाबला. मिशा तिनं मघाशीच रंगवल्या होत्या, हुबेहूब आर्सेनिओच्या, टोकाला पिळलेल्या. पाहूनच तिचं डोकं फिरलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी गल्लीत घरोघरी सरत्या वर्षाचा बाहुला करतात, दिवेलागणीला त्याला बडवतात आणि मध्यरात्री जाळतात. कुणी त्याला पुढाऱ्याचं तोंड लावतं, कुणी सासूचं. सोइलाचा बाहुला ठरलेला, तिचा नवरा. तो जिवंत होता, मांता शहरात दुसरीच्या घरी सुखात नांदत होता. जाताना हिच्या पाठीवर वळ ठेवून गेला आणि कपाटात कपडे. दरवर्षी त्यातलाच एक जोड बाहुल्याच्या अंगावर चढायचा, आणि नवऱ्याला कसं झोडलं, कसं जाळलं, हे मांतापर्यंत पोहोचेल अशी सोय सोइला चोख करायची.

भुसा पुरवायचा लिसांद्रो सुतार. दोन वर्षांपूर्वी त्यानं लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती,

"आधी आर्सेनिओचे कपडे संपू देत."

कपडे मागच्या वर्षी संपले. या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी ती त्याच्या कारखान्यात गेली आणि दारातूनच म्हणाली,

"तुझा एखादा जुना शर्ट दे. बाहुल्याला हवाय."

लिसांद्रोचा रंधा थांबला. कपडे संपले तरी तिचा बाहुला संपत नाही, म्हणजे उत्तर अजून नाहीच, हे त्याला कळलं. त्यानं खुंटीवरचा निळा शर्ट काढून झटकला आणि तिच्या हातात दिला. भांडला असता तर बरं झालं असतं. ती घरी येईपर्यंत स्वतःवरच चरफडत होती.

दिवेलागणीला बाहुला फाटकाशी बांधला. गल्ली जमली. समोरच्या पेतिताबाई खुर्ची घेऊनच आल्या.

"यंदा शर्ट बरा घातलायस गं मेल्याला! आटप, पहिला फटका तुझा."

सोइलानं पट्टा हाताला गुंडाळला. आर्सेनिओचाच पट्टा, तेवढा तिनं कधी जाळला नव्हता. बाहुल्याची पाठ तिच्यासमोर होती. निळ्या शर्टाच्या खांद्यावर मोठ्या मोठ्या टाक्यांचं ठिगळ होतं. एकटा माणूस स्वतःच्या हातानं शिवतो तसं.

तिनं हात उगारला. गर्दीच्या कडेला लिसांद्रो उभा होता. हात खाली येईना.

"मार की!" कुणीतरी ओरडलं.

तिला संताप आला. वर्षभर जपलेला सूड, आणि एका ठिगळानं त्याचं मातेरं करावं!

"तू दिलासच कशाला?" ती गर्दीवरून लिसांद्रोवर ओरडली. "नाही म्हणता येत नव्हतं?"

"तू मागितलास," तो म्हणाला.

"मी काय, उद्या कातडी मागेन!"

लोक हसले. लिसांद्रो हसला नाही. पेतिताबाई पुढे वाकल्या.

"काय गं, दया आली की काय?"

"त्याची नाही," सोइला म्हणाली.

तिनं पट्टा बाईंच्या मांडीवर टाकला आणि बाहुल्याच्या अंगातून शर्ट ओढून काढायला लागली. घाईत एक बटण तुटून धुळीत पडलं. उघडा पडलेला मिशाळ आर्सेनिओ भुसा गाळत लोंबकळत राहिला.

"अगं, उघडाच झोडायचा?"

"झोडा कसा हवा तसा. मध्यरात्री जाळाही तुम्हीच."

"आणि तू? मांताला सांगायचं काय?"

"सांगा, तिला वेळ नव्हता."

खाली वाकून तिनं धुळीतलं बटण शोधलं, झग्याला पुसलं. फाटकाबाहेर लिसांद्रो अजून तसाच उभा होता, कोपरापर्यंत भुसा लागलेला.

"आत ये," ती म्हणाली. "बटण लावून देते."

"मी लावीन की घरी."

"तुझे टाके बघितलेत मी. ये."