कुरकुर माझी नव्हेच!

मी एक जुना क्रँकसेट आहे. म्हणजे काय? पाहा, इथूनच सुरुवात! मित्रांनो, तुम्ही पायडल मारता तेव्हा जो गोल फिरून साखळी ओढतो, तो मी. सायकलीच्या रंगाचं तुम्हाला कोण कौतुक. ओढतं कोण, याची मात्र फिकीर नाही.

कारखान्यात तापल्या धातूवर घाव पडले आणि मी घडलो. मग एका घरातल्या धाकट्या मुलीच्या, आमच्या धाकटीच्या, स्टीलच्या सायकलीत बसलो. तिथे माझी बेअरिंगं आट्यांची होती, बरणीच्या झाकणासारखी पिळून घट्ट बसवलेली. वर्षानुवर्षं आम्ही चढ चढलो, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

मग तिच्या दादांनी डोकं चालवलं. हे गृहस्थ सायकलीवर बसतात कमी आणि बोलतात फार.

"आटे गेले आता! हल्ली बेअरिंग दाबून बसवतात. वजन बघ किती कमी!" असं म्हणत त्यांनी तिच्या गळ्यात नवी फ्रेम मारली. जुन्या सायकलीवरून मला उचललं, सीटही उचलली आणि दोघांना नवीवर चढवलं.

दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू. दर पायडलला कुर्र!

"दादा, हे तुटणार नाही ना? जोर लावायला भीती वाटते रे," धाकटी म्हणाली. रविवारी चढाच्या शर्यतीतून सायकल संघाची निवड होती. जागा एकच, आणि गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती.

"क्रँकसेटच जुनाट आहे," दादांनी निकाल दिला. मी जुनाट! मी मात्र त्या दाबून बसवलेल्या बेअरिंगांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. ठोकून कोंबलेल्यांची लायकी ती काय असणार!

शनिवारी दादा मला परत जुन्या सायकलीत बसवायला निघाले. साखळीच्या बाजूचे आटे उलटे असतात. त्यांनी बेअरिंगची डावीकडची वाटी उजवीकडे लावली आणि पाना रेटला. पाना लांब, अक्कल आखूड. फ्रेमचे आटे पार सोलून निघाले.

"थोडं घट्टच जातंय," दादा म्हणाले. धाकटीचे डोळे भरून आले होते.

झालं, मी परत नवीवर, आणि रविवारी तीच सायकल. चढावर ती सगळ्यांच्या मागे, आणि तिच्याबरोबर ती कुर्र कुर्र. पुढची मुलगी वळून हसली.

"मोडायचं तर मोड मेल्या!" धाकटी चिडून सीटवरून उठली आणि उभ्यानेच पायडल मारू लागली.

आणि आवाज बंद! ती क्षणभर बसली, तर कुर्र. उठली, तर शांत. मग काय, अख्खा चढ तिने उभ्यानेच मारला. मीही जीव तोडून फिरलो. जागा तिने मिळवली.

वर दादा धावत आले. "बघ! बेअरिंग बसलं शेवटी. मी म्हटलं नव्हतं?"

धाकटीने धापा टाकतच त्यांच्या हातात छोटा पाना ठेवला. "सीटचा बोल्ट सैल आहे. तेवढा आवळ. येईल ना?"

मित्रांनो, आम्हाला भंगारात काढण्याआधी जरा खाली वाका, कान द्या, बोटभर ग्रीस लावा. त्या बेअरिंगांना मी आता नावं ठेवत नाही. दादांना ठेवतो, आणि मला तेवढं पुरतं.