माझ्याशी बोलायचं नव्हतं

मित्रांनो, मी एक म्हातारा सील आहे. समुद्रातला नव्हे हं, अलास्कातल्या एका तळ्यातला, गोड्या पाण्यातला. आमची जात आता फार थोडी उरली आहे. त्यामुळे आमचं वजन किती, पोटाचा घेर किती, याची माणसं भारी चौकशी करतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा.

मी दूधपितं पिल्लू होतो तेव्हाच आई मासेमारीच्या जाळ्यात अडकली आणि गेली. मी काठावर ओरडून ओरडून थकलो. आमचं अंग चरबीवर तगतं. ती आटली की त्या बर्फगार पाण्यात निभाव लागत नाही. माझी तर हाडं मोजून घ्यावीत अशी गत झाली होती. शेवटी मला उचलून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे राधिका काम करायची. नागपूरची पोरगी, शिकायला अमेरिकेत आलेली. तिने मला झोळीत घालून वजन केलं, पुढच्या पंज्यांमागून टेप फिरवून घेर मोजला आणि म्हणाली, "अगं बाई, अगदीच काडी पैलवान!"

खरं तर तिथला नियम कडक होता. पिल्लाशी बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत, मासेसुद्धा फळीआडून टाकायचे. माणसाचा लळा लागलेलं पिल्लू होडी दिसली की तिच्याकडे धावतं आणि इंजिनाच्या पंख्यात सापडतं. म्हणून अशा पिल्लाला तळ्यात सोडतच नाहीत, जन्मभर टाकीत ठेवतात. मला माझं तळं हवं होतं.

राधिकाने पळवाट काढली. इंग्रजीचा एक शब्द ती माझ्यापुढे काढायची नाही, मराठी मात्र धो धो. "तळ्यावर मराठी कोण बोलणार आहे रे ढब्बू?" म्हणायची. तिलाही बोलायला दुसरं कोणी नव्हतं. आईचा फोन आला की "हो गं, जेवले, मजेत आहे," एवढंच सांगायची. मग माझ्यापाशी बसून खरं काय ते बोलायची. मी ऐकत ऐकत मासे गिळायचो. अंगाला गोलाई आली, मानेला वळ्या पडल्या. घेर वाढला की ती टाळ्या वाजवायची.

सोडायचे दिवस जवळ आले तशा डॉक्टर दीपा मला तपासायला आल्या. त्यांचा जन्म अमेरिकेतला. मराठी समजायचं, पण बोलताना निम्मं इंग्रजी यायचं. त्या काठाशी आल्या, मी लांब राहिलो. शाबास! तेवढ्यात मागून राधिका म्हणाली, "बघा ना दीपाताई, कसला मस्त झालाय!" आणि मी मूर्ख, सगळं पाणी कापत तिच्या पायांशी जाऊन थांबलो.

दीपा म्हणाल्या, "राधिका, याला रिलीज नाही करता येणार. ही थिंक्स यू आर हिज मॉम."

राधिकाचा चेहरा पडला. "माझंच चुकलं. एक चान्स द्या, ताई. लळा मी लावला, मीच तोडते."

ते दिवस मी अजून विसरलो नाही. मी जवळ गेलो की ती डबा बडवायची, पाण्याचा फवारा मारायची. "हट! चालता हो! तोंड दाखवू नकोस मला!" असं रडत रडत ओरडायची. माझं काय चुकलं, ते मला समजेना. मी खाणं सोडलं आणि घेर उतरला. टेप हातात धरून ती नुसतीच उभी राहिली. "खा रे राजा" म्हणावंसं तिला वाटत असणार. पण ओठ घट्ट मिटून तिने फळीआडून मासे टाकले. शेवटी भुकेने मी ते खाल्ले, तिच्याकडे पाठ करून.

मी पुन्हा भरलो. दीपा परत आल्या. त्यांच्यासमोर राधिकाने मला पूर्वीच्या, मायेच्या आवाजात हाक मारली आणि मी सरळ टाकीचा तळ गाठला. "गुड," दीपा म्हणाल्या. राधिका टेप गुंडाळू लागली.

तेव्हापासून मी तळ्यात आहे, बहुतेक एकटाच. दर उन्हाळ्यात राधिका होडीतून येते. कोण किती भरलंय ते आता लांबून फोटो काढूनच मोजतात. ती हाक मारत नाही. मला जावंसं वाटतं, फार वाटतं. मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात तर आम्हाला बोलावू नका, खाऊ टाकू नका, जाळी पाण्यात सोडून जाऊ नका. लांबून पोटभर बघा. आमच्यावर माया करायची ती अशीच.

गेल्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा मी खडकावर मुद्दाम आडवा पसरलो, सगळी चरबी तिला नीट दिसावी म्हणून. मग होडी जराशी जवळ सरकली, आणि मी पाण्यात बुडी घेतली.