विहीणबाईंची गाडी दारापर्यंत

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा वाळवंटातला शमाल वारा नुकता थांबला होता आणि आमचं फाटक अर्धं वाळूत होतं. त्यांचं म्हणणं असं की झुबेदाबी, तुमच्याकडे म्हणे रस्ताच उरला नाही, आमच्या गाड्या शहरातल्या, त्यांना वाळूची सवय नाही, तर झाराची मंगनी दुबईला अल बर्शाच्या हॉटेलात करू या, हॉल बघून ठेवलाय. म्हणजे नात माझी, आणि हॉल बघणार मुलाची आई. मी आवाजात साखर घालून सांगितलं, जुम्म्याला उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजनंतर तुमची गाडी माझ्या दारापर्यंत येईल, इन्शाल्ला. फोन ठेवला आणि मग बाहेर जाऊन बघितलं, की आपण कशाच्या जोरावर बोललो.

आमच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या उंबऱ्यावर यायचं असतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं त्यांचं तोंड गोड करायचं असतं. झाराच्या आईची मंगनी अशीच झाली, माझी तशीच झाली. लिफ्टमधून उतरून, ‘थर्ड फ्लोअर, लेफ्ट साइड’ असं विचारत कुणी मुलगी मागायला येत नाही.

माझ्या मुलानं, रफिकनं, शारजात रोल्ल्यातला फ्लॅट सोडून शहराबाहेर हा बंगला भाड्यानं घेतला, तेव्हापासून फाटकापासून दारापर्यंतची खडीची वाट मी सांभाळते. दर हिवाळ्यात वारा वाळू आणून टाकतो, आम्ही फावड्यानं काढतो, दाताळ्यानं खडी सारखी करतो, झालं. या वेळी वाळू गुडघाभर. रफिक म्हणाला, फावडी कुठे मारत बसता, मी शेवल आणतो, वाळू उपसायचं यंत्र. अल क्वोजला त्याचं गोदाम आहे, तिथून त्यानं ते धूड आणलं. पुढे घराएवढं लोखंडी सूप. ड्रायव्हरनं सूप जमिनीला टेकवलं आणि एका दमात वाट साफ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग धूळ बसली. वाळू गेली होती आणि तिच्याबरोबर खडीही गेली होती. सगळा एकच ढीग कुंपणाच्या भिंतीशी. खाली उरली नुसती भुसभुशीत जमीन. रफिक ऐटीत गाडी घेऊन आत आला आणि अर्ध्या वाटेत गाडी पोटापर्यंत रुतली. त्याच शेवलनं ती ओढून काढली. मी त्याला सांगितलं, अरे, करपलेला भात तळाला सोडून वरचा काढतात, तसं सूप चार बोटं वर धरायचं असतं. तुझ्या बायकोला विचारायचंस, तिला भात करपवायची सवय आहे. रशीदा, माझी सून, हसली. रफिक हसला नाही. तो म्हणाला, “अम्मा, खलास. हॉलवाल्याला जुम्म्याच्या दुपारपर्यंत जवाब पाहिजे. मी हो सांगतो.”

“उद्याची दुपार व्हायचीय अजून,” मी म्हटलं.

गच्चीवर जुनी लोखंडी खाट पडली होती. तिची जाळी सोडवून घेतली, भिंतीला तिरकी टेकवली, आणि ढिगातलं एकेक फावडं तिच्यावर मारायला लावलं. वाळू जाळीतून सरसर खाली आणि खडी खळखळत पुढे. काय तो आवाज! माझ्या अंगात वारंच शिरलं. झाराला ऑफिसला सुट्टी होती, ती नवी नखं दाखवत म्हणाली, “दादी, माय नेल्स.” मी म्हटलं, नखं बघायला विहीणबाई इथे आल्या तर पाहिजेत ना, घे घमेलं. थोड्या वेळानं तीच पोरगी बापाला ओरडत होती, “यल्ला, डॅडी, फास्टर!” धुळीनं तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. होणाऱ्या नवऱ्याला, अबरारला, तिनं तसाच फोटो पाठवला. त्यानं काय उत्तर दिलं ते मला दाखवलं नाही, पण घमेली दुप्पट वेगानं जायला लागली.

संध्याकाळपर्यंत खडी स्वच्छ होऊन वाटेवर पसरली. आता ती बसवायची. आमच्या दाभोळकडे पावसाळा सरला की खळं करतात. माती ओली करायची आणि बायकांनी ओळीत बसून चोपण्यानं चोपायची, वर भात झोडला तरी खपली निघत नाही. मी हातात चोपणं धरलेली बाई. तेव्हा पाण्याचा पाइप सोडला, कपडे धुवायच्या धोपटण्या सगळ्यांच्या हातात दिल्या आणि चोपायला बसवलं. आम्ही चोपतोय, चोपतोय, आणि खडी दिसेनाशी होतेय. जितकं चोपावं तितकी ती खाली. शेवटी माझ्यासमोर ओली वाळू तेवढी उरली, वर दोनचार खडे, वाटल्या डाळीच्या ताटातल्या खोबऱ्यासारखे.

रशीदा हळूच म्हणाली, “अम्मा, ही आपली माती नाही. हिला चिकटपणाच नाही.”

मी म्हटलं, एवढं कळत होतं तर चोपलंस कशाला? ती म्हणाली, “तुम्ही सांगितलंत म्हणून.” आता या सुनेला काय करायचं सांगा.

पण तीच जुम्म्याच्या सकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, खाली काही अंथरलं तर खडी बुडणार नाही. चटई नको, कुजेल. तांदळाची ती प्लॅस्टिकच्या विणीची पोती असतात ना, तसलं काहीतरी. मी उठले, माझ्या पलंगाखालून पोती ओढायला लागले. गावी पाठवायला म्हणून एकेक धुऊन, घडी घालून ठेवलेली. रफिकला वाटलं, एवढी पोती या घरात आलीच कशी. आली अशी, की मी कधी टाकली नाहीत. कल्पना रशीदाची असेल, पोती माझी.

खडी परत उकरली, परत जाळीवर मारली. पोती एकावर एक चढवून अंथरली, कडा वाळूत गाडल्या, वर खडी. मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरती, सुरमईच्या पाठीसारखी, म्हणजे पाऊस आला तर पाणी वाटेवर थांबायचं नाही. हात सोलवटले, कंबर मोडली, पण कुणी बसायचं नाव घेईना. रफिक मात्र सारखा घड्याळ बघत होता. खडी मोकळीच होती, पाय टाकला की सरकायची. त्यानं फोन खिशातून काढला.

तेवढ्यात फाटकाशी पाण्याचा टँकर आला. आमच्याकडे नळ नाही, टाकी टँकरनं भरतात. ड्रायव्हर गुलजमान खान रोज बाहेरच थांबून लांब पाइप टाकतो. मी पुढे झाले आणि त्याला म्हटलं, आज अंदर आओ. त्यानं वाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अम्माजी, फँस जाएगा. भरा हुआ है.”

“भरा हुआ है इसीलिए बोलती हूँ.”

रफिक म्हणाला, अम्मा, टँकर रुतला तर मंगनीच काय, आपल्यालाही घराबाहेर पडता यायचं नाही. मी म्हटलं, आणि नाही रुतला तर? झारानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खान बिस्मिल्ला म्हणाला आणि टँकर आत घातला.

पुढचं चाक चढलं. खडी करकर बोलली, कडेला सरली, दबली आणि थांबली. मागची चाकं चढली. टँकर दारापर्यंत आला आणि माझ्या पायरीपाशी उभा राहिला, पाणी आत डुचमळत होतं. मी त्याला म्हटलं, अब पीछे. मग परत आगे. परत पीछे. खानला हसू आवरेना, पण वाट अशी बसली की शेवलवाला बघायला पाहिजे होता. रफिक फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून बोलत होता. “नो, हबीबी, हॉल नको. घरीच आहे,” एवढंच ऐकलं आणि मी बिर्याणीकडे पळाले.

असरनंतर त्यांच्या गाड्या आल्या. विहीणबाईंची सगळ्यात पुढे, पांढरी, बुटकी, जमिनीला पोट लागेलशी. फाटकाशी अंमळ थबकली. मी दारातून हलले नाही, फक्त हात केला. गाडी खडीवरून करकरत सरळ माझ्या पायरीशी आली. अबरार उतरला, झारा वरच्या खिडकीत, दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवून बघितलं.

विहीणबाई उतरल्या. सोनेरी चपला, टाच खिळ्याएवढी. पहिल्याच पावलाला टाच खड्यांत गेली. दुसरी उचलावी तर तीही गेली. मी खाली उतरले आणि दंड पुढे केला. त्यांनी तो घट्ट पकडला.

“झुबेदाबी, इंटरलॉकच्या लाद्या का नाही बसवून घेत?” त्या दातांतून म्हणाल्या.

“इंटरलॉकवर तुम्ही माझा हात धरला असतात का?” मी म्हटलं.

त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम हसल्या, अगदी मोठ्यानं. हात काही सोडला नाही. सोडणार कशा, उंबरा अजून चार पावलं लांब होता.