हिरव्या पट्टीवरचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचाही नव्हे. गाडीचं इंजिन किती तापलंय ते सांगणारा. मुरुमच्या एका गॅरेजात भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझी काच तडकली आहे, एका बाजूला गंज चढला आहे. आलेगेले लोक विचारतात, "मिस्त्री, हे मोडकं डबडं कशाला ठिवलंय?" मिस्त्री उत्तर देत नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माझा बांधा जरा विचित्र आहे. तोंड ड्रायव्हरसमोर आणि जीभ इंजिनात. दोघांच्या मध्ये सुतळीएवढी बारीक तांब्याची नळी. जिभेच्या टोकाला पितळेची एक बोंडी. त्या बोंडीला गरम पाणी लागलं की तोंडावरचा काटा वर चढतो. माझ्या पांढऱ्या चकतीवर दोन पट्ट्या आहेत. हिरवीवर असलो तर चाला, तांबडीवर गेलो तर थांबा. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. नंतर सोलापूरच्या एका दुकानात मी पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होतो. मग बाहत्तरचा दुष्काळ आला. लोकांचं सगळं गेलं आणि माझं नशीब उघडलं. असं बोलायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

अणदूरच्या पलीकडल्या एका गावच्या सोसायटीकडे लष्कराच्या लिलावातला एक पेट्रोलचा ट्रक होता. शेंगांची पोती वाहायला घेतलेला. शेंगाच उगवल्या नाहीत, तेव्हा त्यावर लोखंडी टाकी बसवली आणि ट्रकाचा टँकर झाला. पण इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारा कार्बोरेटर उभा फुटलेला. त्या ट्रकाचे सुटे भाग लिलावाबरोबरच संपले होते. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब ट्रक ओढून मुरुमला घेऊन आले आणि चन्नबसप्पा मिस्त्रींसमोर हात जोडून म्हणाले, "कायबी करा, पर हे चालू करा. गाव तहानलंय."

मिस्त्रींनी भंगारातून दोन लहान कार्बोरेटर शोधून काढले. पुढच्या दोन सिलिंडरला एक, मागच्या दोनला एक. बसवले खरे, पण दोघांचं जमेना. एक जास्त हवा ओढी, दुसरा उपाशी राही, आणि इंजिन सारखं ठसके देई. मग मिस्त्रींनी हातभर रबरी नळी घेतली. तिचं एक टोक कानात घातलं, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि दोघांचा श्वास ऐकत ऐकत आतल्या हवेच्या पडद्यांचे स्क्रू फिरवत बसले. सकाळची दुपार झाली.

"काय ऐकताव मिस्त्री, रेडिओ?" असं विचारणारा माणूस म्हणजे मच्छिंद्र, त्या टँकरचा ड्रायव्हर. उंच, सडसडीत, शर्टाची वरची गुंडी कायम उघडी.

"सवती हायत ह्या," मिस्त्री म्हणाले. "एकीला जास्त मिळालं की दुसरी रुसती. तुला न्हाय कळायचं, तुझं लगीन व्हायचंय."

"माझं लगीन पाऊस पडल्यावर. माय म्हणती, पाव्हण्यांला पाजायला पाणी तरी पायजे."

शेवटी दोन्ही श्वास सारखे झाले. इंजिन असं गुणगुणायला लागलं की मिस्त्रींनी कानातली नळी काढून डोळे मिटले. त्यानंतर माझी पाळी. आधी त्यांनी मला उकळत्या किटलीत बुडवून पाहिलं. मी बरोबर तांबडीवर गेलो. मग इंजिनाच्या माथ्यावर, अगदी वरच्या जागी माझी बोंडी बसवली. "ताप आधी हितंच कळतो," ते म्हणाले. पाणी कमी झालं तर तेही आधी तिथूनच जातं. पण हे मात्र त्या दिवशी कोणी बोललं नाही. मलाही माहीत नव्हतं.

मच्छिंद्रानं माझ्या काचेवरून बोट फिरवलं. "आजपासून तू म्हणशील तसं," तो मला म्हणाला. मित्रांनो, मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

मग सुरू झाल्या खेपा. लांबच्या एका विहिरीवर टाकी भरायची, चढ चढायचा, आधी गावात पाणी वाटायचं आणि मग उरलेलं शेवटी बौद्धवाड्यात. बौद्धवाडा शेवटी का, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. रस्ता तसा आहे, असं सगळे म्हणत. रस्ता तर दोन्हीकडून होता.

मच्छिंद्र त्याच वाड्यातला. त्याची आई पुतळाबाई रांगेत सगळ्यात मागं उभी राही. "डायवरच्या आईनं पयलं भरलं, असं कुणी म्हणाया नको," म्हणे. तिची पाळी येईपर्यंत टाकीची तोटी नुसती ठिबकत असे. ती तेवढ्यावर घागर कलती करून धरायची आणि वर म्हणायची, "बास झालं की, मला एकटीला किती लागतंय?" कधी कुरकुर नाही. त्यामुळे तिला तहान लागत नाही असंच सगळ्यांना वाटू लागलं.

एकट्या मच्छिंद्राला नाही वाटलं.

इंजिनाला वेगळी एक कळशी होती. आमचा रेडिएटर जुना, झिरपणारा. म्हणून विहिरीवरच एक कळशी भरून मच्छिंद्राच्या पायाशी ठेवत. चढ चढला की थांबायचं, झाकण उघडायचं आणि ती ओतायची, असा मिस्त्रींचा नेम. एके दिवशी चढावर मच्छिंद्रानं माझ्याकडे पाहिलं. मी हिरवीवर होतो. तो थांबला नाही. बौद्धवाड्यात रांग संपल्यावर त्यानं ती कळशी आईच्या घागरीत ओतली.

"ही कुणाची रं?"

"माझ्या वाटंची. इहिरीवर देत्यात डायवरला."

कुणाच्या तोंडचं पाणी काढलेलं नव्हतं. काढलं होतं ते इंजिनाच्या तोंडचं. दुसऱ्या दिवशीही मी हिरवीवरच होतो. तिसऱ्या दिवशीही. तो रोज चढावर माझ्याकडे बघून हसायचा आणि मीही फुलून जायचो. आपल्यामुळे एका म्हातारीला पोटभर पाणी मिळतंय, याचा मला कोण अभिमान!

चैत्र संपत आला होता. उन्हानं डांबर चिकट झालं होतं. मागं टाकी काठोकाठ भरलेली. चढ निम्मा झाला आणि मी तांबडीकडे सरकू लागलो.

"जरा दम धर बाबा," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा हात कळशीकडे गेला. आज ओतावीच लागणार, हे त्याला कळलं होतं.

आणि तेवढ्यात मी खाली आलो. एकदम हिरवीवर.

मित्रांनो, इंजिनातलं पाणी इतकं उतरलं होतं की माझी बोंडी उघडी पडली होती. मला ताप कळतो तो पाण्यातून. पाणीच नाही, तर मला काय कळणार? खाली लोखंड जळत होतं आणि मी वर शांत बसून सांगत होतो, सगळं थंड आहे.

"शाबास रं पठ्ठ्या!" मच्छिंद्रानं माझ्या काचेवर टिचकी मारली आणि कळशीवरचा हात काढून घेतला.

चढ संपायच्या आत इंजिनातून एक आवाज आला. जीव जातानाचा. पिस्टन सिलिंडरात चिकटून बसले. टँकर जागीच थांबला, तो कायमचा. मागं सगळ्या गावाचं पाणी होतं, पायाशी एक कळशी होती, आणि गाडी तहानेनं मेली होती.

लोक घागरी घेऊन धावत आले. टाकी तिथंच उघडली. रांग लागली आणि पुतळाबाई नेहमीसारखी शेवटी उभी राहिली. त्या दिवशी मात्र तिच्या पाळीलाही टाकीत भरपूर पाणी होतं. ती तोटीकडे गेलीच नाही. इंजिनाचं झाकण उघडून बसलेल्या पोराकडे आली. त्याच्या शेजारी ती भरलेली कळशी होती.

"ही गाडीची व्हय रं?"

मच्छिंद्रानं कळशी जरा मागं सरकवली.

"रोजची?"

त्यानं मान खाली घातली. पुतळाबाईनं कळशी उचलली आणि एक थेंबही न सांडता रेडिएटरात ओतली. आत चर्र आवाज झाला. इंजिन अजून धगधगत होतं. पाणी माझ्या बोंडीपर्यंत चढलं, आणि मी सरसर वर गेलो, तांबडीच्या टोकापर्यंत. खरं बोललो मी, मित्रांनो. पण कळशीभर पाणी उशिरा.

सोसायटीच्या ओट्यावर बैठक बसली. मलाही गाडीतून काढून पुढ्यात ठेवलं होतं. आण्णासाहेब माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "मच्छिंद्र, काटा बिघडला आसंल तर तसं सांग. मिस्त्रीवर जाईल, तुझ्यावर येणार न्हाय." चन्नबसप्पा समोरच बसले होते. मला वाटत होतं, म्हण रे एकदा, काटा खोटा आहे म्हण. मी काय, डबडं. मला कुठं पोट आहे?

"काटा ब्येस हाय," मच्छिंद्र म्हणाला. "झाकण म्याच उघडलं न्हाय." आईचं नाव त्यानं घेतलं नाही.

मच्छिंद्राची ड्रायव्हरकी गेली. तो दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला. दुसरा टँकर यायला एकवीस दिवस लागले. तोवर लोक ओढ्यात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. पुतळाबाई तिथंही शेवटी उभी राहायची. लोक पुढं हो म्हणत, ती होत नसे. अठराव्या दिवशी ती झिऱ्यावरच बसल्या जागी कलंडली, ती पुन्हा उठली नाही. शेजारी घागर होती, कोरडी. मच्छिंद्राचं लग्न पाऊस पडल्यावर होणार होतं. पाऊस पडला. लग्नाचा विषय कोणी काढला नाही.

चन्नबसप्पांनी टँकर मोडीत काढला तेव्हा मला पुन्हा किटलीत बुडवलं. मी बरोबर तांबडीवर गेलो. त्यांनी माझी बोंडी फडक्यानं पुसली. "अय्यो शिवा," ते पुटपुटले, "तुला बसवलं, पर त्याला सांगायचं राहूनच गेलं." त्या दिवसापासून मी या खिळ्यावर आहे. आता साखर कारखान्याच्या नव्या गाड्या येतात. मिस्त्री थकलेत. पण प्रत्येक ड्रायव्हरला ते एवढं सांगितल्याशिवाय चावी देत नाहीत, "आधी झाकण उघडून बघ, मग काट्याकडं बघ."

मित्रांनो, माझंही तेवढंच मागणं आहे. गाडीचं असो, घरच्या माणसाचं असो. हिरवीवर दिसतंय म्हणून पुढं जाऊ नका. रांगेत शेवटी उभं राहून कोणी 'बास झालं' म्हणत असेल, तर त्याच्या घागरीत एकदा वाकून बघा.