तळाचा बेदाणा

तासगावात इलाहीभाईंचं बेदाण्याचं अडत दुकान. लेक कशिश दिल्लीला एका संस्थेत कामाला. कोणत्या देशात कायदा कितपत चालतो, याचे ती गुण देते; ते गुण बघून श्रीमंत देश ठरवतात, गरीब देशाला मदत द्यायची का नाही. इलाहीभाईंनी हे अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं. कळलं कुणालाच नव्हतं, पण माना सगळ्यांनी डोलावल्या होत्या.

ईदला आलेली कशिश त्या दुपारी दुकानातच लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर तिच्या मॅडम हिंदीतून तापलेल्या. एका लांबच्या देशाला चांगले गुण देऊन आजच सही कर, नाहीतर तुझं काम दुसऱ्याला देते म्हणत होत्या.

"मॅडम, आपण नुसतं राजधानीतल्या वकिलांना विचारलंय. खेड्यातल्या बाईची तक्रार चौकीत लिहून घेतात का, कुणाला ठाऊक?"

"कायदे तर उत्तम आहेत त्यांचे!"

हे ऐकून इलाहीभाई गल्ल्यावरून उठले. बायकोला हळूच म्हणाले, "कर म्हणावं सही. नोकरी जाईल न्हवं!"

"तुमी गप बसा," जन्नतबी म्हणाली. "सौद्यात तुमाला शिकवाय येतं का कोण?"

तेवढ्यात कशिशनं थप्पीतला एक बॉक्स ओढला. "मॅडम, आमच्याकडं वरचा थर बघून कुणी भाव करत नाही. वर लांब, हिरवा माल असतो आणि खाली काळा, बारका. हे बघा." तिनं बॉक्स ताटात पालथा घातला.

खालचा बेदाणाही लांब, हिरवागार.

तिनं तळापर्यंत हात घातला. तेच. मॅडमना हसू फुटलं.

"अगं, माझ्या दुकानात कसा गावंल तुला तसला बॉक्स?" इलाहीभाई कडाडले. "शेजारनं आणायचा हुता की!"

कशिशलाही हसू आवरेना. "हे माझे अब्बा, मॅडम. यांचा माल आता लोक न उलटता घेतात, कारण आधी कित्येक वर्षं उलटून बघितलाय. या देशाला आपण एकदाही उलटलेलं नाही."

मॅडमनी समोरचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "खेड्यात माणसं पाठवू. सही त्यानंतर. आणि तुझीच."

सांडलेला बेदाणा गोळा करत इलाहीभाईंनी विचारलं, "नोकरी हाय का गेली?"

"हाय, अब्बा."

संध्याकाळी ते चहाच्या गाड्यावर छाती काढून उभे. "आमची कशिश देश पालथं घालून तळ बघती!"

या वेळी मात्र सगळ्या बाजाराला कळलं.